खालची ओळ

सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि कॉम्प्युटरचं घड्याळ पावणेचार दाखवत होतं. टंकलेखकाने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पावणेचारच.

एका मशीनमध्ये दोन बिऱ्हाडं होती, म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रणाली. सुरू केलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची टंकलेखक बापाची, तिच्यात तो वकिलांचे कागद टाइप करायचा. खालची मुलाची, तिच्यात तो काय दिवे लावायचा ते त्यालाच ठाऊक. ज्याने त्याने आपापली ओळ निवडायची. मात्र वेळेच्या बाबतीत दोन्ही प्रणालींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मुलाने आपली बाजू उघडली, की बापाचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलंच म्हणून समजा.

"तुझ्या उपद्व्यापांपायी माझ्या कागदांवर भलतीच वेळ पडते," बाप रोज सकाळी ओरडायचा.

"बाबा, घड्याळ माझं बरोबर आहे. तुमचंच अडून बसतं," मुलगा अंथरुणातूनच सांगायचा.

मुलगा अपघातात गेला त्याला अडीच महिने झाले होते. अडीच महिन्यांत घड्याळ एकदाही चुकलं नव्हतं. रोज ती खालची ओळ दिसायची आणि टंकलेखक घाईघाईने वरची निवडायचा. शेवटी त्याने दुरुस्तीवाल्याला सांगून टाकलं, मुलाची बाजू पुसून टाक. तो आज दहाला येणार होता.

आणि आज घड्याळ मागे. टंकलेखक सवयीने आतल्या खोलीकडे वळला, ओरडायला तोंडही उघडलं. मग आठवलं.

बायको दारात उभी होती.

"याला कोणी हात लावला?" त्याने विचारलं.

"मी. काल दुपारी, तुम्ही वकिलांकडे गेला होतात तेव्हा."

"तुला कुठे चालवता येतं हे?"

"खालच्या बाणाचं बटण एकदा दाबायचं. तो दाबायचा, मी बघायचे." ती पदराशी चाळा करत राहिली. "आज पुसणार म्हणालात ना. म्हटलं, एकदा बघून घ्यावं."

"काय दिसलं?"

"त्याचा फोटो आला. खाली नाव. त्याखाली एक रिकामी चौकट. काहीतरी लिही म्हणत होती. मला काय माहीत त्याचा पासवर्ड? नुसती बसले."

"किती वेळ?"

"तुमची चप्पल वाजेपर्यंत."

त्याने फोन उचलला आणि दुरुस्तीवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, मशीन हळू चालेल हो काका, निम्मी जागा उगाच अडून राहते. "राहू दे अडून," टंकलेखक म्हणाला आणि फोन ठेवला.

बायको स्टुलावर टेकली.

"अगं, पण मला सांगायचं तरी," तो म्हणाला. "लपून कशाला बघायचं? मी काय तुला नाही म्हटलं असतं?"

"मला नाही म्हटलं नसतं," ती म्हणाली. "न सांगितलं तर मशीनच बिघडलं समजाल असं वाटलं. सांगितलं असतं, तर घड्याळ मागे गेलं म्हणून तुम्ही परत त्याच्यावर ओरडला असतात."