चौथा अर्ज

"रड की रे जरा! लोक बघतायत," आत्या मास्कच्या आडून पुटपुटली.

कियतला रडू येत नव्हतं. समोर आईची शवपेटी होती, अंगावर थोरल्या मुलाचं जाडंभरडं सुतकी कापड होतं, आणि मांडीवर बसून पाच वर्षांची शिन त्याचे कान ओढून बघत होती, खरे आहेत का म्हणून. सोळा महिने तिनं बाप फोनच्या काचेतच पाहिला होता.

त्याचं घर मलेशियातल्या जोहोर बारूत, कारखाना पुलापलीकडे सिंगापुरात. बारा वर्षं तो रोज पहाटे मोटरसायकलवरून जायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी यायचा. साथ आली आणि पूल पंधरा दिवस बंद होणार असं ठरलं. तेव्हा तो पंधरा दिवसांचे कपडे घेऊन पलीकडे गेला, तो तिकडेच अडकला. इकडे बायको ज्या हॉटेलात होती ते कायमचं बंद पडलं. तिकडे त्याच्या खात्यातली निम्मी माणसं घरी बसवली. साहेब म्हणाला, "परवानगी काढून एका दिवसात जाऊन येणार असशील तर ठीक. नाहीतर खुशाल घरी जा, पण तुझ्या जागेवर दुसरा येईल." घरातली पाच पोटं त्या एका जागेवर होती. तो राहिला.

परवानगीसाठी त्यानं हात जोडले नाहीत असं नाही. शिनच्या वाढदिवसाला अर्ज केला, नव्या वर्षाच्या जेवणासाठी केला. बायकोचं अपेंडिक्स कापलं तेव्हा तर कागदांचा गठ्ठाच घेऊन गेला. खिडकीतल्या बाईनं तो शेवटपर्यंत वाचला.

"वाचणार आहे ना ती?"

"हो, डॉक्टर म्हणतात, वाचेल."

"मग तुम्ही कशाला जाताय?"

चौथा अर्ज काल सकाळी केला आणि दुपारी मंजूर झाला. "नशीबवान आहात," तीच बाई म्हणाली, "सगळे कागद बरोबर आहेत." एक दिवस मिळाला. संध्याकाळी सहाच्या आत पुलावर परत. अंत्ययात्रा उद्या निघायची होती, म्हणजे थोरल्या मुलाशिवायच.

आणि खरं सांगायचं तर, गाडी पुलावर चढली तेव्हा त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आई पेटीत पडलेली, आणि हा काचेला नाक लावून ओळखीची दुकानं शोधतोय. त्याची त्यालाच शिसारी आली, पण आनंद काही कमी होईना.

मांडवात मोजून वीस माणसं, दोन-दोन हातांवर बसलेली. कोपऱ्यात त्याचा बाप सोनेरी कागदाच्या घड्या घालत होता, जाळल्यावर बायकोला वर स्वर्गात खर्चाला पोचाव्यात म्हणून. सकाळपासून म्हातारा अवाक्षर बोलला नव्हता. मुलगा आला तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि पुढची घडी घातली.

शिनचा मात्र सण होता. कियत तिला भुईमुगाच्या शेंगा सोलून देत होता आणि ती प्रत्येक दाणा दाखवून खात होती.

"पपा, मम्मीचं पोट कापलं तेव्हा का नाही आलास?"

"सोडलं नाही गं मला."

"माझ्या वाढदिवसाला?"

"तेव्हाही नाही."

"मग आज कसं सोडलं?"

सोळा महिने तो तिला 'पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात' अशी थाप मारत आला होता. आज त्याला थाप मारवेना. "आमा आजी गेली ना आपली, म्हणून."

"मेली म्हणून?"

आजूबाजूच्या दोन-तीन माना वळल्या. घरात म्हातारं माणूस असताना तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे.

"हो," कियत हळूच म्हणाला.

"म्हणजे कुणी मेलं तरच सोडतात?"

"तरच."

शिननं आणखी एक शेंग पुढे केली.

साडेपाचला दारात गाडीचा भोंगा वाजला. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतला ड्रायव्हर खाली उतरला नाही, नुसतं घड्याळ दाखवलं. कियतनं आईपुढे डोकं टेकलं, तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं. आत्याला हायसं वाटलं. शिननं त्याच्या पायाला मिठी मारली आणि असा टाहो फोडला की मंत्र म्हणणारासुद्धा थांबला. बायकोनं तिचं एकेक बोट सोडवलं.

"लवकर येतो हं," कियत म्हणाला.

शिन रडायची थांबली. तिनं बाहीनं नाक पुसलं, तडक आजोबांपाशी गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून लाडात विचारलं, "आकोंग, तुम्ही कधी मरणार?"



"थोबाड रंगवीन कार्टे!" आत्या हात उगारून धावली. "कुणापुढे काय बोलतेस?"

म्हाताऱ्यानं आत्याचा हात वरच्या वर धरला. हातातली घडी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मुलाकडे नीट पाहिलं. बारा वर्षं रोज पहाटे 'जेवायला आहेस ना?' म्हणून ज्या आवाजात विचारायचा, त्याच आवाजात त्यानं विचारलं,

"तुला सोयीचं कधी पडेल रे?"