आंधळ्या इन्स्पेक्टरचा शेवट

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. गंगापूर रोडवर आभाच्या फ्लॅटमधल्या पुढच्या खोलीत तिघं जण अंध वाचकांसाठी पुस्तकं तयार करत. पुस्तक स्कॅन करायचं, संगणकाने केलेल्या चुका ओळीओळीने दुरुस्त करायच्या, मग फोनमधला आवाज ते वाचून दाखवी. नियम एकच होता. छापलंय ते तसंच.

त्या शनिवारी टेबलावर खुनाची कादंबरी होती. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि लाल साडीतली बाई.

"शंभर पानांत चौदा वेळा वीज चमकली," आभा म्हणाली.

"पण तू आज एकदाही चहाला उठली नाहीस," बँकेत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी इथे येणारा धवल म्हणाला. "थोर कादंबरी असली की दर दहा मिनिटांनी उठतेस."

अनसूयाबाई एकाहत्तर वर्षांच्या, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. "असली पुस्तकं मी मुलांच्या दप्तरांतून काढून कपाटात कोंडायची."

"मग?"

"मग काय, दिवाळीच्या सुट्टीत वाचायची."

हे पुस्तक रांग मोडून आधी घेतलं होतं ते काही दिवसांपूर्वी दारात येऊन उभ्या राहिलेल्या मैनासाठी. तिचा नवरा सावळीराम सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये होता. नोव्हेंबरात तोंडावर अॅसिड उडालं आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"ताई, चार महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट मागितली," मैना म्हणाली होती. "हे पुस्तक. निम्मं वाचून झालं होतं त्यांचं. लवकर द्या. मी कामाला गेले की घरात कुणी नसतं. संध्याकाळी दार उघडायच्या आधी मी बाहेरूनच त्यांना हाक मारते."

शेवटचं प्रकरण अनसूयाबाईंच्या वाट्याला आलं. त्या वाचता वाचता थांबल्या आणि त्यांनी पडदा आभाकडे वळवला. सावळीरामने वाचलेल्या निम्म्या भागातच स्फोटात इन्स्पेक्टरचे डोळे गेलेले असतात. शेवटच्या दोन पानांत तो चार मजले चढून गच्चीवर जातो आणि उडी टाकतो. 'डोळ्यांविना मर्द म्हणजे तेलाविना दिवा,' असं लेखकाने लिहिलं होतं.

"नाहीच देऊ हे पुस्तक," धवल म्हणाला.

"मैना सोमवारी येणार. तिला काय सांगू?" आभाने विचारलं.

आयुष्यात दुसऱ्याच्या मजकुरातला स्वल्पविरामही न हलवलेल्या अनसूयाबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. त्यांच्या दोन पानांत बायको जिन्यातून हाक मारते, इन्स्पेक्टर खाली येतो, तिची माफी मागतो आणि चहा मागतो.

सोमवारी मैना ते पुस्तक फोनमध्ये घेऊन गेली. पुढच्या शनिवारी सावळीराम स्वतःच आला, मैनाच्या खांद्यावर हात ठेवून. खुर्चीत बसल्यावर म्हणाला, "मैना, तू खाली रिक्षा थांबवून धर." तिची पावलं जिन्यात विरेपर्यंत तो कान देऊन बसला.

"शेवट कुणी लिहिला?"

आभाने पाण्याचा पेला त्याच्या हाती दिला.

"ह्या बाबाची मी पन्नास पुस्तकं वाचलीत. ह्याच्याकडं नवरा बायकोची माफी मागत नाय. चहा तर कुणी पीतच नाय. इन्स्पेक्टर आंधळा झाला म्हणजे मेला असणार. मेला ना?"

"मेला," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी बदललं. चुकलं माझं."

"खरी पानं वाचा, बाई."

"माहीत होतं, तर पुस्तक मागवलंत कशाला?" त्यांनी विचारलं.

"कसा मरतो ते ऐकायचं होतं."

धवलने पुस्तकावर हात ठेवला. "दादा, नको."

अनसूयाबाईंनी तो हात बाजूला केला. आवाज वर्गातलाच लागला. वाचून झाल्यावर सावळीराम म्हणाला, "जिना चढतो तिथून परत." त्यांनी परत वाचलं.

"चार मजले धडाधडा चढला? पायऱ्या मोजल्या नाय? मी मोरीपर्यंतची पावलं मोजतो. आणि घरात एवढी माणसं असून कुणी हटकलं नाय? गच्चीचं दार उघडंच?" तो खुर्चीत पुढे सरकला. "मैनानं आमच्या गच्चीच्या दाराला पहिल्याच आठवड्यात कुलूप लावलं. चाचपून आलोय मी."

खालून मैनाची हाक आली, "अहो, रिक्षावाला थांबत नाय!" सावळीरामच्या काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं. त्याने ते पुसलं नाही.

"ह्याला आंधळं माणूस म्हणजे काय ते ठाऊकच नाय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात हाय का आंधळा? असला तर द्या."

आभा यादी उघडून शोधू लागली.

पुढे धवलची नांदेडला बदली झाली. आभाने फ्लॅट विकला आणि ते काम आता एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत चालतं. अनसूयाबाई २०२१ मध्ये गेल्या. त्या पुस्तकात त्यांनी खरा शेवट परत घातला होता. मैना कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते आणि गच्चीची किल्ली कमरेला लावूनच कामावर जाते.

सावळीराम दिवसभर घरीच असतो. ज्या ज्या पुस्तकात आंधळं माणूस आहे, ते तो मागवतो. गेल्या वर्षी आभाने फोन करून विचारलं, किती झाली?

"त्रेचाळीस, ताई. एकोणतीस मेले. तेरा जणांना ऑपरेशन करून डोळे आले. एक देवळात गाणं म्हणतो." मग तो पुढे म्हणाला, "कामाला अजून एकालाही कुणी ठेवलेलं नाय."