पुढचं वजन

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच गाडीला ट्रेलर जोडून फिरायला निघाले होते. सामान भरताना त्यांनी आईची बॅटरीवरची व्हीलचेअर नेहमीसारखी ट्रेलरमध्ये सगळ्यात पुढे चढवली.

“बाबा, आता ही कशाला?” मी विचारलं.

“पुढे जड काहीतरी लागतं. नाहीतर वेग घेतला की ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलतो आणि गाडीलाही ओढत नेतो.”

एवढंच ना, म्हणून ते अंघोळीला गेल्यावर मी खुर्ची फळी लावून खाली उतरवली आणि तिच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती आवळून बांधली.

बाबांनी बाहेर येऊन पोती चाचपली, दोरी ओढून पाहिली.



“ट्रेलरचं भागेल गं यावर,” ते म्हणाले. “माझं नाही भागायचं.”