खालची फळी

तिसऱ्या वेळीही खालच्या फळीवरचे उंदीर भेदरलेलेच निघाले. टाळी वाजली की अंग चोरून कोपऱ्यात बसत होते, थेट वरच्या फळीवरच्यांसारखे. बाईंनी वही मिटली, पुन्हा उघडली. आकडे तेच होते.

वरच्या फळीला साधं पाणी, खालच्या फळीला औषधाचं. पाच वर्षं हीच मांडणी. पिंजऱ्यांची अदलाबदल होऊन घोळ नको म्हणून बाईंनीच ती ठरवून दिली होती. आणि पाच वर्षं खालचे उंदीर महिनाभरात धीट होत आले होते. भीती घालवणारं औषध, हा बाईंचा शोध. आता ते माणसांना द्यायचं होतं, धसक्याने वाचा गेलेल्या मुलांना. मुलांची पहिली यादीसुद्धा तयार होती. त्याआधी प्रयोग एकदा पुन्हा करून दाखवा, एवढंच मंजुरी देणाऱ्या समितीचं म्हणणं. बाईंनी हसत मान्य केलं होतं. आता समितीने शेवटचा एक महिना दिला होता. नाही जमलं तर औषधही गेलं आणि बाईंचं नावही.

बाईंचं मत ठाम होतं, की विज्ञान बिघडतं ते माणसांमुळे. यंत्र चुकलं तर निदान लाल दिवा लागतो, माणूस चुकला तर चहा प्यायला जातो. खरेदीचा कागद तीन टेबलांवर आठ आठ दिवस झोपा काढतो, दुरुस्तीवाला ‘निघालोच’ म्हणतो आणि घरी जेवत असतो, हे त्या जेवणाच्या सुट्टीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. संस्थेत मागून त्यांना ‘तराजू’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

म्हणून तर चार महिन्यांपूर्वी त्यांनी उंदरांच्या खोलीतल्या काकांना घरी बसवलं. काका बुटके, हळू बोलणारे, पिंजरे साफ करायला नेमलेले. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लावायचे आणि वर उंदरांना ‘पोरं’ म्हणायचे. बाईंनी दाणापाणी देणारं, पिंजरे धुणारं यंत्र बसवलं आणि काकांच्या कागदावर ‘गरज उरलेली नाही’ असं लिहून सही केली. जाताना काकांनी विचारलं होतं, पोरांना एकदा भेटून येऊ का? बाईंनी घड्याळाकडे पाहिलं होतं.

आता त्यांनी औषध तपासलं, पाणी तपासलं, खोलीतले दिवे मोजले. सगळं होतं तसंच होतं. नव्हते ते फक्त काका. म्हणजे म्हातारा दाण्यात काहीतरी कालवत असणार. त्या तशाच उठल्या आणि पत्ता शोधत काकांच्या घरी जाऊन धडकल्या.

दार उघडताच आतल्या टेबलाखाली काहीतरी हललं. सात-आठ वर्षांची मुलगी तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माझी नात, काका हलक्या आवाजात म्हणाले. अपघातात आईबाप तिच्या डोळ्यांदेखत गेले. वर्ष झालं, तोंडातून शब्द नाही.

बाईंनी मान हलवली आणि सरळ विषयाला हात घातला. दाण्यात काय घालत होता?

काकांचा चेहरा पडला. “दाण्यात काही नाही हो बाई. पण एक चूक व्हायची माझ्या हातून. साफसफाई करताना एकेकाला हातात घ्यायचो. कानामागून बोट फिरवत राहायचो, थरथर थांबेपर्यंत. रोजचा नेमच होता तो.”

“सगळ्यांना?”

“खालच्या पोरांना. वरचे ट्रे मी कसेबसे ओढून काढायचो. आत हात घालायला उंची कुठून आणू?”

बाई खुर्चीत बसल्या. पाच वर्षं औषध बाटलीत होतं आणि गुण या बोटात होता.

काकांना वाटलं, चला, फार रागावल्या नाहीत. त्यांनी आतून एक कागद आणला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला. तुमच्या औषधाच्या यादीत हिचं नाव लागलंय, ते सांगू लागले. डॉक्टर म्हणाले, औषध जहाल आहे, यकृताला धोका असतो, एखादं मूल दगावूही शकतं, विचार करून सही करा. मी म्हटलं, विचार कसला? गुण येताना मी रोज डोळ्यांनी बघितलाय.

मुलगी टेबलाखालून निघून आजोबांच्या गुडघ्याला टेकली होती. बोलता बोलता काकांचं बोट तिच्या कानामागे गेलं. तिचे आवळलेले खांदे सैल पडले. बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी कागदाची नीट घडी घालून तो काकांच्या हातात दिला. उद्यापासून कामावर या, म्हणाल्या. यंत्र बंद करते.

काकांचे डोळे भरून आले. पोरांना हातात घेतलं तर चालेल का, त्यांनी भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, चालेल.

“मग एक उंच स्टूल तेवढं द्या बाई. या खेपेला वरच्यांनाही घेतो. तेही बिचारे फार थरथरतात.”

“स्टूल नको,” बाई म्हणाल्या. “तुम्ही खालच्यांनाच घ्या.”