कंबरेचं दुखणं

"काका, गुदद्वाराजवळची गाठ बघायचीय, अजिबात हलायचं नाही," एमआरआयच्या नळकांड्यात तंत्रज्ञ मुलीचा आवाज घुमला. नळकांड्याबाहेर माझ्या पायाशी बसलेल्या बायकोनेही तो ऐकला. घरी मी कंबर दुखते म्हणून सांगितलं होतं. सोबतीला यंत्राच्या खोलीत बसता यावं म्हणून तिने लग्नानंतर पहिल्यांदाच मंगळसूत्र उतरवलं होतं, तेही कंबरेसाठी.

मग यंत्राची ठोकाठोकी सुरू झाली. वरच्या मजल्यावर फरशी फोडतात तशी. मला हायसं वाटलं, कारण त्यात कुणाचं काही ऐकू येत नाही. पण ठोकाठोकी थांबली.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

असा प्रश्न आला की मी आजवर पिशवी उचलून भाजी आणायला गेलोय. इथे हातांसकट पट्ट्यांनी आवळलेला, आणि नाकाला टेकेल असं छत.

"दिवाळीपासून रक्त जातंय," मी छताला सांगितलं. "लाज वाटली सांगायला."

"माझी? तुमच्या आईंचं शेवटी वर्षभर अंथरुणातलं सगळं मीच काढलं. दोन्ही पोरांचं काढलं. तुमचंच तेवढं सोवळ्यातलं होय?"

डॉक्टर काय सांगतील याची भीती इतके महिने मी एकटाच सांभाळत होतो.

"काका, हसू नका, पोट हलतंय," मुलीचा आवाज आला.

"हसत नाहीयेत ते, पोरी," माझं पाऊल घट्ट धरून बायको म्हणाली. "जरा थांब. हात बांधलेत, त्यांना डोळे पुसता येत नाहीयेत."