सोयऱ्यांपुरती जाळी

गुरुशांतने आपल्या सख्ख्या दाजींच्या, म्हणजे धोंडप्पाच्या, कानाखाली वाजवली. भवानी पेठेत, धोंडप्पाच्याच दारूच्या दुकानात, दिवसाढवळ्या, नव्या बिअरच्या फळीसमोर.

असं काहीही झालेलं नाही.

झालं ते एवढंच. धोंडप्पाने दुकान नवं केलं. पुढची लोखंडी जाळी कापून भंगारात घातली, काचेचं दार बसवलं, एसी लावला. आता गिऱ्हाइकाने आत यायचं आणि बाटली हातात घेऊन बघायची. खालच्या फळीवर पुण्याहून आलेली क्राफ्ट बिअर, वरच्या फळीवर धुराच्या वासाची व्हिस्की. बिअर कंपनीकडून आलेली ऋतुजा बाटल्यांची लेबलं पुढे करून लावत होती.

चिंचोळी एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली आणि गुरुशांत आला. तो रोज यायचा. जाळीच्या भोकातून हात घालून क्वार्टर घ्यायचा आणि मग जाळीला नाक लावून दाजींना शिव्या घालायचा. दाजीही आतून कमी पडत नसत. हा म्हणायचा, "बाहेर या की." ते म्हणायचे, "तू आत ये की." कुणी बाहेर येत नसे, कुणी आत जात नसे, आणि संध्याकाळ व्हायची. धोंडप्पाची अट एकच होती. तोंड किती पण चालव. हात उचललास की तुझ्या बहिणीचं माहेर बंद.

आणि नागपंचमी तोंडावर आली होती. वर्षातून तेवढ्या एका सणाला बहीण अंबुबाई कुंभारीला माहेरी यायची.

"माझी क्वार्टर?" आत येऊन गुरुशांत म्हणाला.

"बंद केली. तसला माल ठेवत न्हाय आता. ही घे. ह्यात संत्र्याची साल हाय, धने हायत."

"बिअरमधी धने?"

"बेल्जियन पद्धत आहे, सर," ऋतुजा म्हणाली.

"मग खोबरं पण भाजून घाला की, दाजी. आमटी तरी हुईल."

"तुला काय कळतंय त्यातलं. गोठ्यात वाढलेलं तू."

"त्याच गोठ्यातली म्हैस मागून नेली हुती की लग्नात. अन् दूध कमी देती म्हणून परत आणून बांधली. म्हशीला पण तुमी नको झालता."

ऋतुजाने सरळच असलेली एक बाटली आणखी सरळ केली.

"बाहेर या की, दाजी."

"तू आत ये की."

दोघंही सवयीने बोलून गेले. मग दोघांनीही खाली बघितलं. गुरुशांतच्या पायाखाली नवी पांढरी फरशी होती. जाळीच्या जागी सिमेंटची एक रेघ उरली होती, आणि ती त्याच्या मागे होती. तो आत आलेला होता.

आता माघारी फिरावं तर इतक्या वर्षांचा शब्द खोटा पडतो. तेव्हा जे झालं नाही, ते झालं. त्याचा हात आधी चपलेकडे गेला होता. पण दाजींचा मान असतो. नुसत्या हातावर भागवलं.

"संपलं," गाल धरून धोंडप्पा म्हणाला. "अंबीचं माहेर संपलं."

गुरुशांत स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जणू तो हात कुणी दुकानात विसरून गेलंय.

तेवढ्यात धोंडप्पाचा फोन वाजला. अंबुबाई होती. तिचा आवाज दुकानभर ऐकू येत होता.

"अवो, गुरू आलाय का तितं? त्याला म्हणावं, पंचमीला लवकर न्यायला ये. आई लई वाट बघतीया. डोळ्यानं दिसंना झालंय, तरी सारखी दारातच बसती म्हणं."

धोंडप्पाने गाल रस्त्याकडून आत वळवला. माहेर बंद म्हटलं, तर का बंद ते सांगावं लागणार. मेहुण्याचा मार खाल्लेला माणूस भवानी पेठेत उद्या काचेच्या दाराआड बसणार कसा? आरपार दिसतं.

त्याने फोनवर हात ठेवला. "मॅडम, तुमी काय बघितलं?"

"मी लेबल बघत होते, सर."

"येवढं गप का तिकडं?" अंबुबाई म्हणाली. "हात लावला व्हय कुणी कुणाला?"

"न्हाय," दोघं एकदम म्हणाले.

"मग शिव्या का ऐकू येईनात?"

दोघांनी प्रयत्न केला. पण गालावर उठलेली बोटं इतक्या जवळून दिसत असताना शब्द सुचेना. "हलकट," गुरुशांत म्हणाला, चहा घेणार का विचारावं तसं.

"काय झालंय तितं?" अंबुबाईचा आवाज चढला.

तेव्हा ऋतुजाने बिअरचा रिकामा क्रेट उचलला आणि दोघांच्या तोंडांच्या मध्ये आडवा धरला. क्रेटच्या बुडाला चौकोनी भोकं होती. गुरुशांतने एका भोकाला नाक लावलं.

"दाजी, वाळवी लागंल तुमच्या दुकानाला."

"काचंला वाळवी लागत न्हाय, बैला."

"बाहेर या की मग."

"तू आत ये की."

"हां," अंबुबाई म्हणाली. "आता बरं वाटलं. बॅग भरते मी." फोन बंद झाला.

ऋतुजाचे हात भरून आले होते. तिने क्रेट जरा खाली घेतला. गुरुशांतची मूठ वळली, धोंडप्पाने बाटलीची मान पकडली. तिने क्रेट परत वर केला.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पाने अर्ज दिला. साक्षीदार म्हणून खाली मेहुण्याची सही होती.

"मा. अधीक्षक साहेब, राज्य उत्पादन शुल्क, यांस सादर. आमच्या दुकानाच्या नव्या मंजूर नकाशात जाळी दाखवलेली नाही. तरी फक्त सोयऱ्यांपुरती, तोंडाच्या उंचीवर, दोन फूट बाय दोन फूट जाळी पुन्हा बसवण्यास परवानगी मिळावी. आणि परवानगी येईपर्यंत क्रेट धरण्यासाठी शासनाकडून एक माणूस देण्यात यावा, ही नम्र विनंती."