राहिलेला विषय

प्रदीपनं अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. दारातूनच तो म्हणाला, “आई, उद्या पेपर आहे. त्या विषयाचा.”

गोजराबाईचा हात भाकरी थापता थापता थांबला. कोणता विषय, हे विचारायची गरज नव्हती. त्या घरात विषय एकच होता. बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाचा, गणिताचा, प्रदीपचा राहिलेला.

तो राहिला तो राहिलाच. तोवर प्रदीपला हिंजवडीत नोकरी लागली होती. कंपनीनं त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं, काम करून दाखव म्हणाले, त्यानं दाखवलं. डिग्री कुणी मागितली नाही. मग तो सूसला मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला आणि शनिवार आला की मुळशीला घरी येऊ लागला. आता तर त्याच्या हाताखाली रीतसर इंजिनियर झालेली पोरं होती. “त्यांना मी शिकवतो, मग मला कशाला हवी गं डिग्री?” असं तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

पण गोजराबाईचं दुखणं वेगळं होतं. दर वर्षी जयंतीला विहारापुढं मांडव पडे आणि वस्तीत त्या साली पदवी घेतलेल्या पोरापोरींचा सत्कार होई. समितीचे अध्यक्ष जयसिंगराव माइकवर एकेक नाव पुकारत, आईबापांनाही वर बोलावत. नोकरीचा सत्कार नसतो, पदवीचा असतो, अशी तिथली रीत. गोजराबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसे, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी टाळ्या वाजवी आणि घरी आल्यावर प्रदीपच्या मागं लागे. तो वैतागायचा. “झालं, काढला परत विषय!” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. “मी रोज काढती, तू येकदा काढ की!”

आणि आज पोरगा आठवड्याच्या मधेच, आपण होऊन आला होता. परीक्षेला आईच्या घरून जावं, असं त्याला वाटलं होतं.

“विद्यापीठानं जुन्या मुलांना शेवटची संधी दिलीय,” तो म्हणाला. “या वेळी सुटला तर सुटला. नाहीतर कायमचा राहिला.”

गोजराबाईला काय करू न काय नको असं झालं. तिनं खिरीसाठी दूध चुलीवर ठेवलं. तेवढ्यात किसन, तिचा नवरा, कामावरून आला. धरणाकाठच्या एका रिसॉर्टची बाग तो सांभाळायचा. बातमी ऐकून तो हसला. “आज सूर्व्या कुनीकडनं उगावला म्हनायचा? आत्ताच बरा आठवला इषय?”

“कंपनी मला कॅनडाला पाठवतेय,” प्रदीप म्हणाला. “इथल्या कामाला डिग्री नसली तरी चालते. पण बाहेर पाठवायचं तर तिकडच्या नियमात पदवी लागते. विषय सुटला की निघायचं.”

“किती दिस?” गोजराबाईनं विचारलं.

“दिवस नाही गं. तिकडंच राहायचं. जमलं तर कायमचं.”

तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उलटली नाही. शेवटी ती खाली उतरवत गोजराबाई म्हणाली, “मग ऱ्हाऊ दे की त्यो विषय. इतकी वर्सं काय अडलंय तुझं त्याच्यावाचून?”

प्रदीपला खरं तर राग यायला हवा होता. पण त्याला हायसं वाटलं. गणिताला तो भीतच होता आणि परक्या देशालाही थोडा. आता दोन्ही टाळायला आईचं निमित्त मिळालं. “बरं. नाही देत पेपर,” असं म्हणून तो जेवायला बसला.

गोजराबाई खूश झाली. पोरगा सूसलाच राहणार, शनिवारचा शनिवार घरी येणार. ताटात खीर वाढताना तिचा हात सढळ झाला होता. प्रदीप किसनला कॅनडातल्या कामाचं सांगत होता. तिथं कायकाय करता आलं असतं, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला, आणि मधेच “जाऊ दे” म्हणून तो पुन्हा जेवू लागला.

ते ‘जाऊ दे’ तिला झोंबलं. किसनचं दहावीला इंग्रजी राहिलं होतं. म्हणून तो पोलिस भरतीला गेला नाही आणि मुळशीतच राहिला. कुणी विचारलं तर “आपल्याला गावच बरं” असं सांगायचा. ते खरं की मनाची समजूत, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला कळलं नव्हतं. बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

सकाळी फटफटायच्या आत तिनं प्रदीपला हलवलं.

“ऊठ. पिरंगुटला गाड्या तुंबायच्या आत निघाय पायजे.”

“कुठं?”

“पेपरला.”

“अगं, पण काल तूच म्हणालीस ना...”

“व्हय, मीच म्हनले.” तिनं त्याचं हेल्मेट पुढं केलं. “तुला हितंच ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा. मला लई बरं वाटंल. पर विषय ऱ्हायला म्हनून ऱ्हाऊ नको.”